दुभाष्या कोण होता?

(एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘रशियाविषयीची जुनी प्रवासवर्णने’ असे उत्तर दिले, आणि दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक अर्थसंकल्पावर बोलेल, फार तर कांद्याच्या निर्यातबंदीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर बोलणारे येथे माझ्याहून जाणते लोक बसले आहेत. गेली चाळीस वर्षे मी ज्या नादापायी घरच्यांची बोलणी खाल्ली, त्याविषयी एकदा तरी आपल्या माणसांपुढे जबाब द्यावा, असे मनात होते. तो नाद निव्वळ हौसेचा नव्हता, हे सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

संग्रह म्हणावे असे माझ्याजवळ फार नाही. दोन सागवानी कपाटे आणि त्यांत तीनशेच्या आसपास पुस्तके, एवढाच तो पसारा आहे. श्रीमंत संग्राहकाकडे असते ती हर्बरस्टाइनच्या मस्कोव्ही-वृत्तांताची १५४९ ची व्हिएन्नाची लॅटिन आवृत्ती, किंवा ओलिअरिअसच्या प्रवासाची १६४७ ची श्लेस्विगची जर्मन आवृत्ती, मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही. निवृत्तिवेतनात असली पुस्तके बसत नाहीत. माझे भागले ते हॅक्लूट सोसायटीच्या एकोणिसाव्या शतकातील खंडांवर. निळी कापडी बांधणी आणि वर सोनेरी ठशात ‘व्हिक्टोरिया’ हे गलबत, असे त्यांचे रूप. हर्बरस्टाइन याच मालेत १८५१-५२ साली दोन भागांत इंग्रजीत आला, आणि जाईल्स फ्लेचर १८५६ साली आला.

ही पुस्तके आपल्या मुलखात आली कशी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाला पडल्यावाचून राहत नाही. उत्तर साधे आहे. इंग्रज सरकारला रशियाची धास्ती होती. झारचे सैन्य ताश्कंद, समरकंद, खिवा असे एकेक ठाणे घेत अफगाणिस्तानच्या रोखाने सरकत असताना छावण्यांतील अधिकाऱ्यांना रशिया वाचणे भाग होते. म्हणून बर्नबीची १८७६ ची खिव्याची घोडदौड, मॅकगाहनचे ऑक्ससच्या मोहिमेवरील पुस्तक, पुढे व्हाइसरॉय झालेल्या कर्झनचे १८८९ चे मध्य आशियावरील पुस्तक, ही सारी क्लबांच्या आणि छावण्यांच्या ग्रंथालयांत भरली गेली. साहेब गेला आणि पुस्तके मागे राहिली. पुढे कपाटे हवी झाली तेव्हा ती रद्दीत निघाली. मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर आणि पुण्यात रद्दीच्या दुकानांतून मी त्यांतली बरीच उचलली. एका ग्रंथालयाने (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही) चार पोती पुस्तके किलोच्या भावाने काढली, तेव्हा मी वजनकाट्यापाशी उभा होतो. त्या पोत्यांत डोनल्ड मॅकेन्झी वॉलेसच्या ‘रशिया’ या ग्रंथाचे १८७७ चे दोन्ही भाग मला मिळाले. दुसऱ्या भागाची शेवटची तीन प्रकरणे कापलेलीच नव्हती. पूर्वी पुस्तकाच्या घड्या वाचकाने सुरीने कापायच्या असत. म्हणजे एवढ्या वर्षांत तेथवर एकही वाचक पोहोचला नव्हता! मी घरी येऊन भाजीच्या सुरीने ती पाने कापली, हे संग्राहकाच्या धर्मात महापाप आहे. पण पुस्तक वाचण्यासाठी असते, या मताचा मी आहे.

आता ज्या प्रसंगामुळे या छंदाला वळण लागले, तो सांगतो. १९८३ चा पावसाळा असेल. मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो आणि असाच एका अभ्यासवर्गात नियोजनावर बोलत होतो. सिडनी आणि बीट्रिस वेब या दांपत्याच्या सोव्हिएत साम्यवादावरील महाग्रंथातून मी आकडे देत होतो आणि आकड्यांवर आकडे रचत होतो. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरून गिरणीतले एक वयस्क कामगार उठले. म्हणाले, “मास्तर, ही दोघं नवराबायको तिकडं गेली, तेव्हा त्यांना तिथली भाषा येत होती का?” मी म्हणालो, नसावी. “मग दुभाष्या कोण होता? आणि त्याचा पगार कोण देत होतं?” सभेत हशा पिकला. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते दिले नव्हते.

वेब दांपत्य १९३२ साली रशियात गेले. ग्रंथ १९३५ साली निघाला, आणि त्याच्या नावापुढे ‘एक नवी संस्कृती?’ असे प्रश्नचिन्ह होते. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रश्नचिन्ह काढून टाकण्यात आले. मधल्या दोन वर्षांत काय घडले होते? १९३६ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतील जाहीर खटल्यांना आरंभ झाला होता. त्याआधी १९३२-३३ मध्ये युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसे उपासमारीने मेली होती. म्हणजे शंका घेण्याला जेव्हा सर्वांत अधिक जागा होती, नेमके तेव्हाच चिन्ह पुसले गेले. माझ्याजवळ दोन्ही आवृत्त्या आहेत आणि मी त्या शेजारी शेजारी ठेवतो. पाहुण्यांना वाटते, प्राध्यापकाने चुकून एकच पुस्तक दोनदा घेतले.

त्या कामगाराचा प्रश्न घेऊन मी मागे मागे जाऊ लागलो, आणि जुनी पुस्तके वेगळीच दिसू लागली. प्रत्येक प्रवाशाला विचारावे : तू कोणाच्या पैशाने गेलास? तुला भाषा येत होती का? तू परत आल्यावर तुझे पुस्तक कोणाला नको झाले?

फ्लेचरचेच घ्या. राणी एलिझाबेथचा वकील म्हणून तो १५८८ साली मॉस्कोला गेला. परत आल्यावर त्याने १५९१ साली रशियाच्या राज्यव्यवस्थेवर पुस्तक छापले. तेथील शेतकरी आळशी का दिसतो, याचे त्याने दिलेले कारण आजही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. ज्याने कमावलेले उद्या सरदार किंवा सरकारी माणूस लुबाडून नेणार हे ठरलेले आहे, तो जास्त कमावण्याची उठाठेव कशाला करील? स्वभावदोष म्हणून हिणवलेल्या गोष्टीच्या मुळाशी असुरक्षितता आहे, हे त्याने चारशे वर्षांपूर्वी ओळखले. पण पुस्तक बाहेर पडताच मस्कोव्ही कंपनीचे इंग्रज व्यापारी घाबरले. झारची मर्जी गेली तर व्यापार बुडेल, म्हणून त्यांनी लॉर्ड बर्लीकडे अर्ज केला, आक्षेपार्ह उताऱ्यांची यादी जोडली आणि पुस्तक दाबले गेले. झारच्या जुलमाचे वर्णन इंग्लंडात दडपले गेले, तेही इंग्रजांच्या नफ्यासाठी. पुढे २५७ वर्षांनी, १८४८ साली, मॉस्कोच्या इतिहास-मंडळाच्या नियतकालिकात त्याचे रशियन भाषांतर छापले गेले, तेव्हा निकोलस पहिल्याच्या सरकारने तो अंक जप्त केला आणि चिटणीस बोद्यान्स्की यांचे पद गेले. एकच पुस्तक, एकदा बाजाराने बंद केले आणि एकदा राजदंडाने. भांडवल आणि सत्ता यांच्या नात्यावर आपण एवढी व्याख्याने देतो, त्यांत हे उदाहरण मी अजून कोणाकडून ऐकलेले नाही.

बॅरन हाक्स्टहाउझेन हा जर्मन जमीनदार १८४३ साली झारच्या आश्रयाने रशियाभर फिरला आणि त्याने तेथील ‘मीर’ म्हणजे जमिनीचे सामाईक वाटप करणारी ग्रामसंस्था जगापुढे मांडली. त्याला ती आवडली, कारण तिच्यामुळे भूमिहीन कामगारवर्ग तयार होणार नाही आणि क्रांती टळेल, असे त्याला वाटले. त्याच मीरमध्ये हर्झेनला समाजवादाचे बीज दिसले! सनातन्याने दिलेल्या पुराव्यावर क्रांतिकारकांनी इमारत उभारली. १८८१ च्या फेब्रुवारीत व्हेरा झासुलिच यांनी मार्क्सना पत्र लिहून विचारले की, ही ग्रामसंस्था भांडवलशाहीच्या चरकातून गेल्यावाचून समाजवादाकडे जाऊ शकेल काय? मार्क्सनी उत्तराचे अनेक मसुदे केले, ते लांबलचक होते, आणि अखेर ८ मार्चला पाठवले ते उत्तर अगदी त्रोटक. आमच्यापैकी जे प्रत्येक प्रश्नाला तत्काळ पोथीतले उत्तर देतात, त्यांनी हे मसुदे जरूर पाहावेत. मार्क्स पन्नाशीत रशियन भाषा शिकले होते, ती फ्लेरोव्स्कीचे रशियन श्रमिकांवरील पुस्तक मुळातून वाचण्यासाठी. दुभाष्याचा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता असा सोडवला.

आपल्याकडेही मेटकाफने ग्रामप्रजासत्ताकांचे गोडवे गायले, मेनने १८७१ साली पूर्वपश्चिमेच्या ग्रामसंस्थांची तुलना केली, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी त्या गोडव्यांची काय वासलात लावली, हे आपण जाणताच. वेशीबाहेर राहणाऱ्या माणसाला त्या प्रजासत्ताकात जागा कोठे होती, हे पाटलाच्या चावडीवर बसून पाहणाऱ्या साहेबाला दिसण्याचे कारण नव्हते. वॉलेस मात्र पाच-सहा वर्षे रशियात राहिला, खेड्यात मुक्काम करून एका धर्मोपदेशकाकडून भाषा शिकला, म्हणून त्याचे मीरचे वर्णन हाडामांसाचे आहे. हाच वॉलेस पुढे डफरिन आणि लॅन्सडाउन या व्हाइसरॉयांचा खाजगी चिटणीस म्हणून हिंदुस्थानात आला. इथल्या खेड्यांवर त्याने असा ग्रंथ लिहिला नाही. चिटणिसाला ती मोकळीक नसते.

आता ज्या पुस्तकासाठी मी सर्वांत अधिक वाट पाहिली त्याकडे वळतो. जॉर्ज केनन हा अमेरिकन तरुण १८६५ साली तारायंत्राच्या मार्गाची पाहणी करण्यासाठी सैबेरियात गेला. त्याला रशियन भाषा येऊ लागली, तो देश आवडला. परत आल्यावर तो व्याख्याने देत फिरे आणि झारच्या हद्दपारीच्या पद्धतीची बाजू घेई. टीकाकार अतिशयोक्ती करतात, असे त्याचे म्हणणे. १८८५ साली ‘सेंचुरी’ मासिकाने त्याला चित्रकार फ्रॉस्ट याच्यासह सैबेरियात पाठवले. रशियन सरकारने आनंदाने परवाने दिले. माणूस आपलाच! केनन वर्षभर तुरुंगांतून, हद्दपारांच्या मुक्कामांतून, कारा येथील खाणींतून हिंडला. राजकीय कैद्यांशी तो त्यांच्याच भाषेत बोलला. आणि त्याचे मत फिरले. ते त्याने लपवले नाही. आधी आपण चूक होतो, असे त्याने जाहीर सांगितले. लेखमाला मासिकात येऊ लागली तेव्हा रशियात जाणाऱ्या अंकांतली पाने सरकारी खाते काळ्या शाईने बुजवी. १८९१ साली ‘सैबेरिया आणि हद्दपारीची पद्धती’ हा ग्रंथ दोन भागांत निघाला. कैद्याचे कपडे आणि बेड्या घालून तो व्यासपीठावर उभा राही. पुढे १९०१ साली रशियात गेला तेव्हा त्याला देशाबाहेर काढण्यात आले.

मी केननवर इतका का लुब्ध व्हावा? ज्याला सत्तेने विश्वासाने आत घेतले आणि ज्याने बाहेर येऊन स्वतःच्या व्याख्यानांवर स्वतःच पाणी सोडले, असा साक्षीदार विरळा. फ्रेंच सरदार कुस्तीन हाही असाच उलटा फिरला होता. १८३९ साली तो लोकप्रतिनिधींच्या राज्याविरुद्ध युक्तिवाद शोधायला रशियात गेला आणि संविधानाचा कैवारी होऊन परतला. पण त्याच्या लेखणीत उमरावाची तुच्छता आहे, आणि तो राहिला केवळ काही महिने. आंद्रे जीदने १९३६ साली हेच धैर्य दाखवले. त्याला डाव्यांनी काय काय म्हटले, ते आठवले की आजही मान खाली जाते. मी स्वतः १९८३ साली त्याचे लहानसे पुस्तक वाचलेले होते. वेबचे आकडे देताना त्याचे नाव मी घेतले नव्हते. त्या कामगाराच्या प्रश्नाने मला झोप लागली नाही ती यामुळे.

ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, माणसे गावोगाव पांगली.

रवींद्रनाथांची गोष्ट येथेच सांगून टाकतो. १९३० साली ते रशियात गेले, तेथील शिक्षणप्रसाराने भारावले, आणि ‘रशियार चिठि’ १९३१ साली बंगालीत निघाले. त्यातील एका पत्राचे इंग्रजी भाषांतर १९३४ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’त आले, तेव्हा इंग्रज सरकारने पुढील भाषांतरे छापण्यास मनाई केली. पण मॉस्को सोडताना ‘इझ्वेस्तिया’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी द्वेषाच्या शिकवणुकीबद्दल आणि विचारस्वातंत्र्याबद्दल परखड शब्द काढले होते. ती मुलाखत ‘इझ्वेस्तिया’ने छापली १९८८ साली. स्तुती दिल्लीने अडवली आणि टीका मॉस्कोने.

परदेशी साक्षीदाराबद्दल बोललो. घरच्याचे काय होते? राडिश्चेव्ह हा सरकारी अधिकारी होता. ‘पीटर्सबर्गहून मॉस्कोचा प्रवास’ हे पुस्तक त्याने १७९० साली स्वतःच्या घरच्या छापखान्यात छापले. प्रत्येक मुक्कामाला एक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणात भूदासांच्या हालांचे एक चित्र, अशी त्याची रचना. साडेसहाशेच्या आसपास प्रती छापल्या, त्यांतल्या पंचवीसेक विक्रीला गेल्या. कॅथरीन राणीने पुस्तक वाचून समासात शेरे मारले, आणि लेखकाला देहान्ताची शिक्षा झाली. ती पुढे सैबेरियातील इलिम्स्क येथे दहा वर्षांच्या हद्दपारीवर आली. उरलेल्या प्रती बहुतेक त्याने स्वतःच जाळल्या होत्या. आज मूळ प्रती बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. हर्झेनने १८५८ साली लंडनमध्ये ते पुन्हा छापले. सुव्होरिन या प्रकाशकाला १८८८ साली फक्त शंभर प्रतींची परवानगी मिळाली. रशियात ते मोकळेपणी निघायला १९०५ उजाडावे लागले. भूदासपद्धती १८६१ साली कायद्याने संपली, तरी तिच्यावरचे पुस्तक आणखी ४४ वर्षे बंदिवासात होते!

आपल्या किनाऱ्यावर उतरलेल्या रशियनाबद्दल न बोलता गेलो तर आपण मला सोडणार नाही. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या सुमारास चौलला उतरला, तेथून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. ‘परदेसी’ हा १९५७ चा चित्रपट ज्येष्ठांना आठवत असेल. त्याला राजाश्रय नव्हता, दुभाष्याही नव्हता. विकायला आणलेला एक घोडा होता, आणि तोही जुन्नरच्या खानाने धर्मांतरासाठी अडवून ठेवला. मध्यस्थीने तो सुटला. निकितिनने काय लिहून ठेवले? खेड्यातली माणसे अतिशय दरिद्री आणि उमराव अतिशय श्रीमंत. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रावर चाचे फार. आपल्या बखरींत सरदारांच्या पालख्या आहेत, पण पालखीकडे रस्त्यावरून पाहणाऱ्याचा हिशेब या परक्याने ठेवला. तो घरी पोहोचला नाही, स्मोलेन्स्कजवळ वारला. वही मात्र मॉस्कोला पोहोचली. मठातल्या हस्तलिखितांत ती करम्झिनच्या दृष्टीस पडली, आणि १८५७ साली मेजरने संपादित केलेल्या हॅक्लूट सोसायटीच्या खंडात इंग्रजीत आली. तो खंड मी आज बरोबर आणला आहे.

जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांविषयी एक तक्रार आहे. त्यांच्या सूचींत बोप्लाँचे युक्रेनचे वर्णन (रूआँची १६६० ची आवृत्ती) हमखास ‘रशिया’ या मथळ्याखाली सापडते. बोप्लाँ पोलंडच्या राजाच्या चाकरीतला फ्रेंच अभियंता होता, आणि त्याने युक्रेनवर लिहिले. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर असे मथळे निरुपद्रवी राहिलेले नाहीत. माझ्या स्वतःच्या यादीतही तीच चूक होती. मागच्या वर्षी मी ती दुरुस्त केली.

मोठ्या संग्रहांचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. क्रास्नोयार्स्कचा व्यापारी युदिन याने सैबेरियात बसून ऐंशी हजारांच्या घरात पुस्तके जमवली. १८९७ साली हद्दपारीच्या वाटेवर असलेल्या लेनिनने त्या ग्रंथालयात बसून रशियातील भांडवलशाहीवरील आपल्या ग्रंथासाठी वाचन केले. १९०६ साली युदिनने तो सारा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला विकला. पुढे सोव्हिएत सरकारनेही यंत्रांसाठी परकीय चलन हवे म्हणून राजवाड्यांतली पुस्तके परदेशी विकली. १९३३ साली ‘कोडेक्स सिनाइटिकस’ ही बायबलची प्राचीन पोथी ब्रिटिश म्यूझियमने एक लाख पौंडांना घेतली. पोथी विकून ट्रॅक्टर घ्यावा का, यावर तासभर वाद होऊ शकेल. तो चहाच्या वेळी करू.

पण विकलेले पुस्तक निदान कोठेतरी असते. माझ्या तीनशे पुस्तकांचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. मुलगा बंगलोरला, मुलगी नाशिकला. दोघांच्या घरांत कपाटे मावत नाहीत. तुम्ही म्हणाल, आता हे सारे संगणकावर फुकट मिळते. मिळते, आणि मीही वाचतो. रात्री अक्षर मोठे करता येते, हा म्हातारपणी केवढा आधार! पण घडीचे नकाशे यंत्राने बहुधा घडी न उलगडताच टिपलेले असतात, आणि केननच्या मार्गाचा नकाशा उलगडला नाही तर तो माणूस किती चालला ते कळत नाही. शिवाय काही व्यापारी नकाशे आणि चित्रे फाडून चौकटीत घालून निराळी विकतात. म्हणून जुने पुस्तक घेताना आधी चित्रांची यादी काढावी आणि एकेक चित्र मोजावे. माझ्या केननचा पहिला भाग मिळाल्यानंतर दुसरा मिळायला एकोणीस वर्षे गेली. तो आला तेव्हा त्यात दोन चित्रे कमी होती. घेतला.

म्हणून या वाचनालयाच्या चिटणिसांशी मी बोललो आहे. कपाटांसकट पुस्तके येथे द्यायची माझी तयारी आहे. अट एकच घातली : रद्दीत काढायची वेळ आली तर आधी पक्षाच्या तालुका कचेरीला कळवावे आणि आठ दिवस थांबावे. चिटणीस म्हणाले, कार्यकारिणीपुढे ठेवतो. इंग्रजी पुस्तके येथे वाचणार कोण, असा प्रश्न एका सभासदाने काढल्याचेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी निकितिनच्या वहीचे मराठी भाषांतर मी हाती घेतले आहे. ते इंग्रजीवरून करतो आहे, म्हणजे माझ्याही आणि निकितिनच्याही मध्ये एक दुभाष्या आहेच. म्हणून गेल्या दिवाळीपासून रशियन लिपी गिरवतो आहे. तेहेतीस अक्षरे आहेत. एकतीस येतात.

हा मेजरचा खंड आता मागच्या बाकांकडे पाठवतो. कण्यापाशी शिवण सुटली आहे, तेव्हा पुस्तक फार उघडू नका, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. चौलचा मजकूर निकितिनच्या भागात सुरुवातीलाच आहे. मी तेथे वर्तमानपत्राची पट्टी घातली आहे.